अल्पायुषी कंपन्यांच्या लाखेच्या रेकॉर्डी : भंगारात देण्याआधी एकदा वाचा

तबकडीवाला, कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात जुन्या रेकॉर्डी जमवणारे आजही आहेत. बहुतेकांचा जीव नाट्यसंगीतात, ख्यालात, नाहीतर सिनेमाच्या गाण्यांत. माझं वेड थोडं बाजूचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आठ-दहा वर्षांच्या आत ज्या कंपन्यांना टाळं लागलं, त्यांच्या अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्या मी शोधतो. गायक कोण हे नंतर बघतो. आधी लेबल बघतो, आणि लेबलाच्या कडेला लाखेत कोरलेला नंबर.

का, ते सांगतो. एचएमव्ही, कोलंबियाचा माल कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघायचा. एचएमव्हीची 'एन' मालिका, कोलंबियाची 'जीई' मालिका, सगळ्यांचे कॅटलॉग छापले जायचे. त्यातली बरीच गाणी पुढे एलपीवर, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या प्लास्टिकच्या रेकॉर्डवर आली, कॅसेटवर आली, आता मोबाइलवर आहेत. तबकडी फुटली तरी गाणं शिल्लक असतं. छोट्या कंपनीला हा आधार नाही. कंपनी बसली की तबकड्या दाबायचे साचे जातात, कारण साचा म्हणजे तांबं आणि निकेल, त्याला भंगारातही भाव. मग रजिस्टरं जातात. मागे राहतात लोकांच्या माळ्यावरच्या तबकड्या, आणि त्यांच्यावर जे छापलंय-कोरलंय तेच त्या कंपनीचं दप्तर.

आपल्याकडचं ठळक नाव 'यंग इंडिया'. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं हे लेबल. कचेरी फोर्टात, कारखाना वडाळ्याला. १९३५ ला सुरू झालं आणि १९५५ च्या सुमारास संपलं. परदेशी मालकीच्या बलाढ्य कंपनीसमोर एका देशी कंपनीने स्वतःचा प्रेस टाकून वीस वर्षं तग धरला, हे मला फार मोठं वाटतं. मोठी नावं एचएमव्हीकडे बांधलेली, त्यामुळे यांनी नवोदितांना, हौशी गाणाऱ्यांना माइकसमोर उभं केलं. लेबलवरची कित्येक नावं आज कुणालाच ओळखीची वाटत नाहीत, आणि नेमकी म्हणूनच ती लिहून ठेवायला हवीत.

हाच काळ अमेरिकेत बघितला तर थक्क व्हायला होतं. रेकॉर्डची लाख प्रामुख्याने आपल्या छोटा नागपूरच्या रानातून जायची. पळस, कुसुम, बोरीवर लाखेचे किडे वाढतात, त्यांचाच हा स्राव. युद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले आणि लाखेची लष्कराला गरज पडली, तेव्हा १९४२ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने रेकॉर्डसाठी लागणाऱ्या लाखेत ७० टक्के कपात केली. दुकानात नवी रेकॉर्ड मागायची तर जुनी आणून द्या, ती दळून नव्यात घालणार, अशी पाळी आली. त्याच वर्षी १ ऑगस्टला वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. डेक्काने १९४३ मध्ये तडजोड केली, पण व्हिक्टर आणि कोलंबिया १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या. ही फट सापडली आणि गल्लोगल्ली नवी लेबलं निघाली : गिल्ड, मॅजेस्टिक, एक्स्क्लुझिव्ह, डायल, व्होग. न्यूयॉर्कचे माजी महापौर जिमी वॉकर मॅजेस्टिकचे अध्यक्ष होते. त्या धंद्यात तेव्हा कोण कोण उतरलं होतं ते यावरून कळेल.

त्यातल्या बहुतेकांनी १९५० बघितलं नाही. रेकॉर्डी दाबून देणारे कारखाने मोठ्या कंपन्यांच्या हातात, माल गावोगाव पोचवायची साखळीही त्यांचीच. १९४८ च्या जानेवारीत दुसरा बहिष्कार. जूनमध्ये कोलंबियाने एलपी आणली, पुढच्या वर्षी आरसीएने पंचेचाळीसची छोटी रेकॉर्ड. ज्यांचं सगळं भांडवल लाखेच्या मालात गुंतलं होतं ते उभे राहूच शकले नाहीत.

विनंती एवढीच. घरात, वाड्यात, तालमीच्या खोलीत जुन्या रेकॉर्डी असतील तर भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा. आणि गाणं संपल्यावर लेबलाच्या भोवती जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावरचा नंबर टिपून घ्या. मोबाइलची बॅटरी आडवी, तबकडीला जवळजवळ टेकवून धरली की तो अंक सावलीने उठून दिसतो. वरून उजेड मारला तर काही दिसत नाही.

शिवाजीपेठी

लई भारी धागा दादा. आमच्या आज्ज्याचा चावीचा फोनो हाय घरात. पेटीतला, कर्णा आत असलेला. चावी भरली की फिरतोय, पर गाणं निम्म्यावर आलं की धाप लागल्यागत करतोय आणि आतनं धबाक् धबाक् आवाज येतोय. रेकॉर्डी पण हायत, धा-पंधरा असतील. वाजवून बघू का?

तबकडीवाला

भावा, रेकॉर्डी अजिबात वाजवू नकोस अजून. आधी मशीन.

तो धबाक् आवाज मेनस्प्रिंगचा. स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस पन्नास-साठ वर्षांत वाळून चिकट होतं, मग पातीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि झटक्याने सुटतात. डबा स्वतः उघडू नकोस, पाती सुटली तर हात फाडते. जाणकाराकडून उघडून, रॉकेलने धुऊन, ग्राफाइटचं ग्रीस भरून घ्यावं लागतं. वेग निम्म्यावर पडतो त्याचं कारणही बहुतेक तेच, पण गव्हर्नरही बघून घे. तीन बारीक पात्या आणि त्यांवर तीन वजनं असतात, ती फिरताना बाहेर फाकतात आणि एक चकती चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्याला घासून वेग आवरते. तो तुकडा कोरडा पडला की वेग डळमळतो. तेलाचा एक थेंब पुरतो.

आणि पिन. जुन्या डबीतल्या पिना आज्ज्याने वापरून परत डबीत टाकल्या असणार, सगळ्या घरांत तेच असतं. पोलादी पिन एका बाजूला एकच. साउंडबॉक्सचं, म्हणजे पिन धरून आवाज काढणाऱ्या गोल डबीचं, वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं, ते सगळं त्या टोकावर. पहिल्या वळणांत लाखेतल्या दगडाच्या पुडीवर घासून पिन खाचेच्या आकाराची होते. तीच पिन दुसऱ्या बाजूला लावली तर खाच कापत जाते. तबकडीवर जिथे गायकाने वरचा सूर लावलाय तिथे राखाडी पट्टा दिसतो ना, तो असाच आलेला असतो.

लेथ_नंबर_३, उद्यमनगर

साउंडबॉक्सबद्दल भर घालतो. आत अभ्रकाची चकती असते, तिच्या दोन्ही बाजूंना रबरी नळीच्या रिंगा. रबर दगडासारखं कडक झालं की आवाज चिरका येतो आणि लोक समजतात रेकॉर्डच खराब. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बरोबर मापाने कापून बसवली की काम होतं. दोन टोकं एकमेकांना नुसती टेकली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. पितळी बुश झिजलं असेल तर उद्यमनगरात कुणीही चांगला टर्नर करून देईल, फक्त नमुना जपून न्या. पॉट मेटलचे, म्हणजे ठिसूळ ओतीव धातूचे भाग असतील तर त्यांना हातोडा लावू देऊ नका, ते तडकून भुगा होतात.

स्वरगंधा

माहिती उत्तम आहे, पण एक मनापासून विचारते. मी गाणं शिकवते. तुम्ही म्हणता की कलाकार कोण हे तुम्ही नंतर बघता. म्हणजे सामान्य, बेताचं गाणंही केवळ लेबल दुर्मीळ म्हणून जपायचं? इथे अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं झालं, देवल क्लब १८८३ पासून आहे. अशा गावात आपण वेळ आणि पैसा चांगल्या गाण्यावर लावायचा की विस्मरणात गेलेल्या हौशी गायकांवर? बरंचसं विस्मरणात गेलं ते योग्य कारणानेच गेलं असं मला वाटतं.

तबकडीवाला

ताई, प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही खाँसाहेबांचं नाव घेतलंत. शाहू महाराजांच्या दरबारात ते राहिले, एवढं घराणं उभं केलं आणि त्यांची एकही ध्वनिमुद्रिका बाजारात आली नाही. १९४६ मध्ये ते गेले. आज त्यांचा आवाज आपण शिष्यांच्या गळ्यातून अंदाजाने ऐकतो. आवाज गेला म्हणजे काय होतं हे आपल्या गावाला कुणी समजावून सांगायला नको.

उलट मिरजेचे अब्दुल करीमखाँसाहेब बघा. तिसाच्या दशकात त्यांचं गाणं ओडियन नावाच्या लेबलवर निघालं. ओडियन आपल्याकडे फार टिकलं नाही. पण तीच ध्वनिमुद्रणं पुढे कोलंबियाच्या लेबलवर आली, म्हणून ती आज घराघरांत आहेत. मोठ्या कंपनीने उचललं म्हणून वाचलं. न उचललेल्यांत चांगलं काहीच नव्हतं, असं आपण न ऐकता कसं म्हणणार?

आणि काळाच्या मागून निवडलेलं बरोबरच असतं असंही नाही. हॉलिवूडमध्ये रॉस रसेल नावाच्या माणसाचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्याने १९४६ मध्ये डायल हे लेबल काढलं आणि जॅझचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं वादन मुद्रित केलं. गिल्ड तर त्याच्याही आधीचं, १९४५ चं, काही महिन्यांत म्युझिक्राफ्ट नावाच्या कंपनीने ते घेऊन टाकलं. पण ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि पार्कर यांचं एकत्र वादन त्याच्यावर आहे. आज जॅझचा इतिहास या तबकड्यांशिवाय लिहिताच येत नाही.

यंग इंडियाच्या सगळ्या गाण्यांत असं सोनं दडलंय असा माझा दावा नाही. बरंचसं साधं आहे. पण साध्या गाण्यातही ऐकण्यासारखं खूप असतं : तीन मिनिटांत बसवण्यासाठी बंदिशीला कशी कात्री लावली, पेटीवाला किती पुढे येतो, मराठी उच्चार तेव्हा कसे होते, ठेका किती जलद. पट्टीचा गायक घराण्याची शिस्त दाखवतो, त्या काळच्या दिवाणखान्यात लोक काय आणि कसं गात होते ते हौशी गायकाकडून कळतं. तुमच्या विद्यार्थ्यांना हे एकदा ऐकवा, मी आणून देतो.

स्वरगंधा

बंदिशीला कात्री लावण्याचा मुद्दा पटला. त्यासाठी नक्की ऐकायला आवडेल. बाकी माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही.

वळिवडे_गांधीनगर

आमच्या भागाशी संबंधित एक विचारतो. युद्धाच्या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, हजारो बायका-मुलं. ती लोकं गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. पोलिश लोकांच्या रेकॉर्डी इथे कुणाला मिळाल्यात का?

तबकडीवाला

माझ्या हाती अजून एकही लागलेली नाही, पण शोधतोय. सैबेरियातून इराणमार्गे आलेली ती माणसं, सामान ते काय असणार. १९४३ ते १९४८ ती इथे होती आणि महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

मात्र तुमचा प्रश्न धाग्याच्या विषयाला थेट भिडतो. पोलंडची सायरेना नावाची मोठी रेकॉर्ड कंपनी वॉर्सात होती, ती १९३९ च्या युद्धाने संपली. युद्धानंतर शहर मातीला मिळालेलं. तिथला लोकप्रिय गायक म्येचिस्वाव फॉग, ज्याने वॉर्सा उठावात मोर्चांवर जाऊन सैनिकांसाठी गाणी म्हटली होती, त्याने १९४६ मध्ये 'फॉग रेकॉर्ड' नावाची स्वतःची कंपनी काढली. उद्ध्वस्त शहरात, लाखेच्या तबकड्या! १९५१ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि लेबल संपलं. म्हणजे पाचच वर्षं. इथली पोलिश माणसं वळिवड्याहून निघाली तेव्हा ती कंपनी चालू होती. त्या कुटुंबांतले लोक अजून कोल्हापूरला भेट द्यायला येतात. कुणाची ओळख असेल तर हे त्यांना जरूर विचारा.

पन्हाळ्याचा_वारा

मध्येच व्यवहाराचं विचारतो, किंमत काय येते?

तबकडीवाला

लेबल, स्थिती आणि गिऱ्हाईक यांवर आहे. तडा गेलेली असेल तर बाजारात शून्य, माझ्याकडे मात्र नंबरासाठी तिला जागा आहे. व्होगच्या तबकड्यांना परदेशात मागणी असते, कारण त्या दिसायलाच देखण्या. डेट्रॉईटच्या टॉम सॅफडीच्या कारखान्यात १९४६-४७ मध्ये निघाल्या. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर रंगीत चित्र, वरून पारदर्शक प्लास्टिक, आणि खाचा थेट चित्रावर. त्या लाखेच्या नाहीत, पण त्याच लाटेतल्या. वर्षभर जेमतेम चालल्या. कोल्हापुरात मिळतील या आशेवर राहू नका.

वडाळा_पूर्व

मुंबईहून. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून हे काम करते. 'द रेकॉर्ड न्यूज' हे त्यांचं नियतकालिक, त्यात यंग इंडियावरही लिहून आलेलं आहे. नंबर टिपलेत की त्यांच्यापर्यंत पोचवा, म्हणजे नोंदी एका जागी राहतील.

वेगाबद्दलही सांगतो. साधारण अठ्ठ्याहत्तर पुरेसं नाही, सूर चढतो-उतरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती तबकडीवर ठेवायची. चोकवाल्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२, म्हणजे बरोबर. अमेरिकन चकती चालत नाही, ती ९२ रेघांची आणि ६० हर्ट्झची. बऱ्याच एलईडीखाली रेघा नीट दिसत नाहीत.

ज्यांच्या टर्नटेबलला ७८ नाही त्यांनी पंचेचाळीसवर वाजवून संगणकात घ्यावं आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ७३.३३ टक्क्यांनी वाढवावा. सुई मात्र ७८ चीच हवी, साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची पाऊण मिलची सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि सगळी खरखर उचलते.

कृष्णाकाठ, सांगली

दादा, धागा वाचून राहवलं नाही. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी होतं. सासऱ्यांच्या रेकॉर्डींचा ट्रंक त्यात बुडाला. तेव्हा घर सावरायच्या नादात तो तसाच माळ्यावर टाकला होता. काल उघडला. कागदी पाकिटं चिकटून लगदा झालीत, काही लेबलं तर निघूनच आलीत, सगळ्यावर चिखलाचा थर आणि बुरशी. सासरे आता नाहीत. हे वाचेल का काही? शेजारी म्हणाल्या स्पिरिटने पुसा.

तबकडीवाला

ताई, स्पिरिट लावू नका! लाख अल्कोहोलात विरघळते. एक पुसणं आणि खाचांसकट वरचा थर बोळ्यावर येईल. काच पुसायचा फवारासुद्धा नको.

कोरडं घासूही नका. पुराच्या गाळात बारीक वाळू असते, ती खाचा खरवडेल. असं करा. पाकीट चिकटलं असेल तर ओढू नका. कोमट नाही, साध्या थंड पाण्याची बारीक धार पाकिटावर सोडा, कागद मऊ होऊन आपोआप सुटू दे. लेबल टिकून असेल तर त्यावर प्लास्टिकचं झाकण दाबून धरा, म्हणजे पाणी कमी लागेल. गाळ गेल्यावर पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, आणि मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, गोल. आडवा नाही. शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. सुती कापडाने टिपून सावलीत, भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून वाळवा. लाख पाण्यात मुरत ठेवायची नाही, एका वेळी एकच रेकॉर्ड घ्या. उन्हात तर बिलकुल नको, वाकतात.

बुरशीला तोंडावर मास्क लावा.

आणि ज्यांची लेबलं निघून आलीत त्या टाकू नका. लेबल कागदाचं, गाळाने गेलं. नंबर लाखेत आहे, तो पुराने जात नाही. पट्टीवरचा अंक आणि लेबल शाबूत असलेल्या रेकॉर्डींचे अंक जुळवले तर कंपनी बहुतेक वेळा लागते, कधीकधी गाणंही.

कृष्णाकाठ, सांगली

एक धुतली. सांगितलं तशीच. लेबल नाही तिला. बॅटरी आडवी धरली तर पट्टीवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिसले, काही साच्यातून उठलेले, काही हाताने खरवडल्यासारखे वाकडे. एका जागी काठाला तांदळाएवढी कपची उडालीय, पण ती गाणं सुरू व्हायच्या आधीच्या भागात आहे. फोटो कुठे पाठवू? आणि सासऱ्यांची वही सापडलीय ट्रंकेत, रेकॉर्डींची यादी असावी, पानं चिकटलीत.

तबकडीवाला

वही!! ताई, ती वही उघडायचा प्रयत्न करू नका, जशी आहे तशी टिपकागदाच्या दोन तावांमध्ये ठेवा आणि पंख्याच्या वाऱ्यावर. पूर्ण वाळल्यावर कोपऱ्यातून पान सुटतं का बघू. त्या यादीत नंबर असतील तर लेबल गेलेल्या सगळ्या रेकॉर्डींना नावं मिळतील.

फोटो इथेच टाका. आकडे साच्यातले कोणते आणि हाताचे कोणते ते वेगवेगळं लिहा, दोन्ही लागतात. मी येत्या रविवारी सांगलीला येतो, तीन मिलची सुई आणि स्ट्रोब चकती घेऊन. तोवर गठ्ठा आडवा रचू नका, उभा ठेवा.

लेथ_नंबर_३, उद्यमनगर

रविवारी मीही येतो. शिवाजीपेठी, तुझा फोनो शनिवारी वर्कशॉपवर आण, स्प्रिंगचा डबा उघडून ठेवतो.

शिवाजीपेठी

आणतो की! रेकॉर्डींचे नंबर पण लिहून आणतो.